नावापुढची अक्षरं आणि खोलीतली वीस मिनिटं

अमेरिकेत स्थायिक झालेल्या आणि मुलांकडे राहायला आलेल्या वाचकांची फॅमिली डॉक्टरविषयीची पत्रं या वेळी एकत्र घेतली आहेत. उत्तरं फॅमिली मेडिसिनमध्ये काम करणाऱ्यांनी लिहिली आहेत. सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न: आम्ही नुकतेच दुसऱ्या राज्यात आलो. विम्याच्या यादीतल्या दवाखान्यात सहा नावं आहेत. दोघांपुढे एम.डी., एकापुढे डी.ओ., दोघींपुढे एफ.एन.पी. आणि एकापुढे पी.ए.-सी. लिहिलंय. दवाखाना सगळ्यांना ‘प्रायमरी केअर प्रोव्हायडर’ म्हणतो. यातलं कुणीही निवडलं तरी चालेल का?

बऱ्याच कामांसाठी चालेल. पण कोण काय शिकून आलंय हे माहीत असलं, तर कोणत्या कामासाठी कुणाकडे जायचं हे तुम्हालाच ठरवता येईल.

एम.डी. आणि डी.ओ. दोघेही पूर्ण परवाना असलेले डॉक्टर. दोघांचंही पदवीनंतर चार वर्षांचं वैद्यकीय महाविद्यालय आणि त्यानंतर फॅमिली मेडिसिनची तीन वर्षांची रेसिडेन्सी, म्हणजे प्रत्यक्ष रुग्ण पाहत घेतलेलं प्रशिक्षण, होते. डी.ओ. म्हणजे ऑस्टिओपॅथिक पद्धतीच्या महाविद्यालयातून आलेले. अँड्र्यू टेलर स्टिल यांनी 1892 मध्ये मिझुरीतल्या कर्क्सव्हिल इथे असं पहिलं महाविद्यालय काढलं. स्नायू आणि सांधे हातांनी तपासण्याचं, हातांनीच उपचार करण्याचं सुमारे 200 तासांचं जादा शिक्षण त्यांना मिळतं. बाकी औषधं, शस्त्रक्रिया, प्रसूती हे सगळं एम.डी.सारखंच. 2020 पासून दोघांच्या रेसिडेन्सीला मान्यताही एकच संस्था देते. इतर काही देशांत ‘ऑस्टिओपॅथ’ म्हणजे फक्त हाडं-स्नायू हाताळणारा माणूस असतो, डॉक्टर नव्हे. तिकडचं ऐकून इकडच्या डी.ओ.ना नाकारू नका.

एफ.एन.पी. म्हणजे फॅमिली नर्स प्रॅक्टिशनर. नर्स प्रॅक्टिशनरचा (एन.पी.) पहिला अभ्यासक्रम 1965 मध्ये कोलोरॅडो विद्यापीठात लॉरेटा फोर्ड आणि हेन्री सिल्व्हर यांनी सुरू केला, तो लहान मुलांच्या आरोग्याचा होता. आधी नर्सिंगची पदवी, मग मास्टर्स किंवा डॉक्टरेट. रुग्णांसोबतच्या प्रत्यक्ष कामाची किमान अट अनेक वर्षं 500 तासांची होती, 2022 च्या निकषांत ती 750 झाली. आधीचा नर्सिंगचा अनुभव मात्र कुणाचा वीस वर्षांचा, तर कुणाचा नाममात्र असतो. म्हणून ‘याआधी कोणत्या विभागात नर्स होता आणि किती वर्षं?’ हे विचारावंच, त्यात अवमान काही नाही. निम्म्याहून अधिक राज्यांत एन.पी. डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय स्वतंत्रपणे काम करू शकतात, उरलेल्या राज्यांत डॉक्टरांशी करार लागतो. पहिलं अक्षरही वाचा. ‘एफ’ असेल तर तान्ह्या बाळापासून आजोबांपर्यंत सगळ्यांना पाहता येतं. ‘अ‍ॅडल्ट-जेरोंटॉलॉजी’ (प्रौढ आणि वृद्ध) असेल तर लहान मुलांसाठी दुसरं कुणी शोधावं लागेल. आणि नर्सिंगमधली डॉक्टरेट असलेल्यांना कुणी ‘डॉक्टर’ म्हणून हाक मारली, तरी ते वैद्यकीय महाविद्यालयातून आलेले नसतात.

पी.ए. म्हणजे फिजिशियन असिस्टंट. हा अभ्यासक्रमही 1965 चाच, ड्यूक विद्यापीठात युजीन स्टेड यांनी सुरू केलेला. पहिल्या तुकडीत नौदलातले वैद्यकीय सहायक होते. आज तो साधारण 27 महिन्यांचा आहे आणि त्यात सुमारे 2000 तास वेगवेगळ्या विभागांत रुग्णांसोबत जातात. शेवटचं ‘सी’ म्हणजे राष्ट्रीय परीक्षा उत्तीर्ण आणि प्रमाणपत्र चालू. 2021 पासून त्यांची संघटना ‘असिस्टंट’ऐवजी ‘असोसिएट’ हा शब्द वापरते, त्यामुळे पाटीवर दोन्ही दिसतील.

आता तासांचा हिशेब लावा. रेसिडेन्सीतले डॉक्टर आठवड्याला कमाल 80 तासांच्या मर्यादेत तीन वर्षं काम करतात. रुग्णालयातले रुग्ण, बालरोग, प्रसूती आणि त्याच जोडीला तेच ते रुग्ण तीन वर्षं पुन्हापुन्हा पाहणं, हे सगळं त्यात येतं. हा फरक मोठा आहे. बी.पी.चा पाठपुरावा, मधुमेहाची तीन महिन्यांची भेट, लघवीची जळजळ, लसी, शाळेचे फॉर्म यांसाठी अनुभवी एन.पी. किंवा पी.ए. उत्तम काम करतात, आणि अनेकदा समजावून सांगायला त्यांच्याकडे वेळही जास्त असतो. पण आजाराचं नावच सापडत नसेल, वजन कारण नसताना उतरत असेल, तीन-चार जुने आजार एकमेकांत गुंतले असतील, तर पहिली भेट डॉक्टरांची घ्या. एकाच तक्रारीसाठी तिसऱ्यांदा जाऊनही उलगडा झाला नसेल, तर ‘हे डॉक्टरांशी बोलून मला कळवाल का?’ असं सरळ विचारा. चांगल्या एन.पी. आणि पी.ए. हे स्वतःहून करतात.

प्रश्न: आमच्या डॉक्टरबाई पुण्यात शिकलेल्या आहेत. तिकडे त्या एम.बी.बी.एस. होत्या आणि इथे नावापुढे एम.डी. लावतात. हे योग्य आहे का? आणि खात्री कशी करायची?

योग्य आहे. भारतात एम.डी. ही एम.बी.बी.एस.नंतरची पदव्युत्तर पदवी. अमेरिकेत एम.डी. हीच डॉक्टरची पहिली पदवी, त्यामुळे इथली राज्यं परदेशातून एम.बी.बी.एस. झालेल्यांना ती अक्षरं वापरू देतात. त्यामागे परदेशी पदव्या तपासणाऱ्या संस्थेचं प्रमाणपत्र, परवान्याच्या परीक्षांचे टप्पे आणि बहुतेकांच्या बाबतीत इथे नव्याने केलेली रेसिडेन्सी असते. तिकडे दहा वर्षं दवाखाना चालवलेल्यांनाही ही तीन वर्षं बहुधा पहिल्यापासून करावी लागलेली असतात.

खात्रीला दहा मिनिटं लागतात आणि पैसे लागत नाहीत. राज्याच्या मेडिकल बोर्डाच्या संकेतस्थळावर नाव टाका. परवाना चालू आहे का आणि शिस्तभंगाची कारवाई झाली आहे का, हे दिसतं. मग ‘सर्टिफिकेशन मॅटर्स’ या संकेतस्थळावर जाऊन ‘फॅमिली मेडिसिन’चं बोर्ड प्रमाणपत्र चालू आहे का ते पाहा. परवाना आणि प्रमाणपत्र या वेगळ्या गोष्टी आहेत. परवान्याशिवाय काम करता येत नाही, पण प्रमाणपत्राशिवाय येतं. ‘बोर्ड एलिजिबल’ म्हणजे प्रशिक्षण झालंय, प्रमाणपत्र अजून मिळालेलं नाही. फॅमिली मेडिसिनचं बोर्ड 1969 मध्ये स्थापन झालं, आणि ठरावीक वर्षांनी पुन्हा परीक्षा द्यायलाच हवी असा नियम सुरुवातीपासून लावणारं ते पहिलं बोर्ड. म्हणून ‘प्रमाणपत्र आहे’ एवढ्यावर थांबू नका, ‘चालू आहे’ हा शब्द शोधा. डी.ओ. असतील तर त्यांचं प्रमाणपत्र ऑस्टिओपॅथिक बोर्डाचंही असू शकतं. एन.पी.चा परवाना नर्सिंग बोर्डाकडे सापडतो.

प्रश्न: प्रत्येक दवाखान्याच्या माहितीत ‘पेशंट-सेंटर्ड केअर’ लिहिलेलं असतं. हसतमुख स्वागत सगळेच करतात. हे शब्द खरे आहेत की नुसते छापलेले, हे कसं ओळखायचं?

आधी हे शब्द आले कुठून ते पाहू, म्हणजे ओळखणं सोपं जाईल. लंडनमध्ये मायकेल बॅलिंट हे मनोविश्लेषक 1950 च्या दशकात फॅमिली डॉक्टरांच्या लहान गटांसोबत बसायचे. अवघड वाटणाऱ्या रुग्णांबद्दल डॉक्टर तिथे मोकळेपणाने बोलत. रोज दवाखान्यात येणाऱ्या अनेकांच्या दुखण्याचं मूळ रिपोर्टमध्ये सापडत नाही, ते माणसाच्या घरात, कामात, भीतीत असतं, हे त्या गटांतून पुढे आलं. त्यांच्या पत्नी एनिड बॅलिंट यांनी 1969 मध्ये ‘रुग्णकेंद्री वैद्यक’ हा शब्दप्रयोग मांडला. 1977 मध्ये जॉर्ज एंगल यांनी शरीर, मन आणि समाज या तिन्हींचा एकत्र विचार करणारी चौकट दिली. त्यानंतर कॅनडात इयन मॅक्विनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याची शिकवता येईल अशी पद्धतच बांधली: आजार तपासायचा आणि तो आजार या माणसाला कसा भोगावा लागतोय तेही तपासायचं. त्या पद्धतीत चार प्रश्न येतात. तुम्हाला हे कशामुळे झालं असं वाटतं? कशाची धास्ती वाटते? रोजच्या कामात काय अडतंय? माझ्याकडून काय हवंय? या चार प्रश्नांची उत्तरं मिळाली की डॉक्टरांचा पुढचा रस्ता अर्धा मोकळा होतो. डोकेदुखी घेऊन आलेल्या बाईच्या मनात ‘बहिणीला मेंदूत गाठ निघाली होती’ हे असेल आणि कुणी विचारलंच नाही, तर औषध लागू पडूनही ती पुन्हा येणार.

म्हणून पहिली खूण अशी: तुम्ही बोलायला लागल्यावर तुम्हाला किती वेळ बोलू दिलं जातं ते पाहा. 1984 मध्ये बेकमन आणि फ्रँकेल यांनी भेटींच्या ध्वनिफिती तपासल्या, तेव्हा डॉक्टर सरासरी 18 सेकंदांत रुग्णाला तोडत होते. 2002 मध्ये एका स्विस दवाखान्यात डॉक्टरांना मध्ये न बोलण्याचं प्रशिक्षण दिलं, तर रुग्णांनी स्वतःहून थांबायला सरासरी 92 सेकंद घेतले. ऐकून घ्यायला दीड मिनिट लागतं, एवढाच त्याचा अर्थ. वेळ नाही ही सबब इथे टिकत नाही.

दुसरी खूण शब्दांतली आहे. 2007 मध्ये जॉन हेरिटेज आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या फॅमिली डॉक्टरांच्या भेटी चित्रित केल्या. पहिली तक्रार ऐकून झाल्यावर ‘एनिथिंग एल्स’ विचारलं, तर न विचारल्यासारखाच निकाल आला. ‘समथिंग एल्स’ विचारल्यावर मनात राहून जाणाऱ्या तक्रारी 78 टक्क्यांनी कमी झाल्या. मराठीतही हा फरक कानाला कळतो. ‘आणखी काही नाही ना?’ हा प्रश्न दार लोटून घेतो, ‘आणखी काय आहे?’ तेच दार उघडतो. तुमचे डॉक्टर कोणता विचारतात, आणि हात दाराच्या कडीवर असताना विचारतात की बसलेले असताना, ते पाहा.

तिसरी खूण निर्णय घेताना दिसते. कोलेस्टेरॉलच्या गोळीचं उदाहरण घेऊ. समजा, पुढच्या दहा वर्षांत हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात येण्याचा तुमचा धोका 12 टक्के निघाला. ‘गोळी घेतली की धोका पाव हिश्श्याने कमी होतो’ हे खरं आहे, पण अपुरं आहे. नीट सांगायचं तर असं: तुमच्यासारख्या 100 जणांनी गोळी घेतली नाही तर 12 जणांना त्रास होईल. शंभराच्या शंभरांनी घेतली तर साधारण 9 जणांना. म्हणजे तिघे वाचले, 88 जणांना तसंही काही होणार नव्हतं आणि 9 जणांना गोळी घेऊनही झालं. आपण त्या तिघांतले आहोत की नाही हे आधी कळत नाही. एवढं सांगून ‘तुम्हाला यात काय महत्त्वाचं वाटतं?’ असं विचारणारे डॉक्टर ते छापील शब्द पाळतात. एक जोड द्यायला हवी. दक्षिण आशियाई वंश हा धोका वाढवणारा घटक असल्याचं अमेरिकेच्या 2018 च्या कोलेस्टेरॉल मार्गदर्शिकेत नमूद आहे. तुमचा आकडा सीमेवर असेल तर ‘हे धरलंय का?’ असं विचारा.

चौथी खूण निघताना. ‘कळलं ना?’ या प्रश्नाला जगातला प्रत्येक रुग्ण ‘हो’ म्हणतो. ‘मी नीट सांगितलं का ते मला बघायचंय, ही गोळी घरी कशी घेणार ते सांगा’ असं विचारलं की चूक तिथल्या तिथे सापडते. उपाशीपोटी घ्यायची थायरॉईडची गोळी कॅल्शियमच्या गोळीसोबत घेतली जाणं, ही त्यातली नेहमीची चूक. तिथे दोन्हींत चार तासांचं अंतर हवं. डॉक्टरांनी असं विचारलं नाही तर तुम्हीच म्हणा, ‘मी काय समजलो ते सांगतो, चुकलं तर थांबवा.’

प्रश्न: भेट वीस मिनिटांची. आईच्या तक्रारी सात. दरवेळी निम्म्या राहतात. काय करावं?

सातही लिहून काढा, पण सुरुवातीलाच सगळी यादी दाखवा. पहिलीवर पंधरा मिनिटं गेल्यावर ‘अजून सहा आहेत’ म्हटलं की उरलेल्या घाईत उरकल्या जातात, आणि छातीतली कळ नेमकी पाचव्या क्रमांकावर असते. यादी पाहून आज कोणत्या दोन-तीन घ्यायच्या हे डॉक्टर आणि आई मिळून ठरवतील. बाकीच्यांसाठी त्याच वेळी पुढची तारीख घ्या. प्रत्येक तक्रारीसमोर चार गोष्टी लिहा: कधीपासून, कशाने वाढते, कशाने कमी होते, काय करून पाहिलं.

औषधांची यादी करू नका, औषधंच एका पिशवीत घालून न्या. भारतातून आणलेल्या पाकिटांसकट न्या. एकाच गोळीत बी.पी.ची दोन औषधं असलेली भारतीय नावं इथल्या औषधाच्या दुकानात कुणी ओळखत नाही. पट्टी कापताना नाव छापलेली बाजू शाबूत ठेवा. भारतातलं पॅरासिटामॉल इथे अ‍ॅसिटामिनोफेन नावाने मिळतं. दोन्ही वेगळी समजून घेतली तर मात्रा दुप्पट होते. मोठ्या माणसासाठी दिवसाची कमाल मर्यादा 4 ग्रॅम, आणि सर्दीच्या अनेक मिश्रणांतही तेच असतं. निमेसुलाइडला अमेरिकेत मान्यताच नाही. आयुर्वेदिक गोळ्या आणि भस्मंही पिशवीत असू द्या. त्यांतल्या काहींमुळे रक्तातलं शिसं वाढल्याचं अमेरिकेच्या सरकारी आरोग्ययंत्रणेने नोंदवलं आहे. रागावतील म्हणून लपवू नका. ज्यांना हे सांगायला भीती वाटते, ते डॉक्टर बदललेले बरे.

बी.पी. घरी मोजत असाल तर यंत्र दंडावरचं घ्या, मनगटावरचं नको. पाच मिनिटं शांत बसा, पाठ टेकलेली, पावलं जमिनीवर, हात छातीच्या उंचीवर टेकवलेला, लघवी करून आलेलं, अर्धा तास आधी चहा-कॉफी नाही. पट्टा उघड्या दंडावर, सदऱ्यावर नाही. दंडाला लहान पट्टा लावला तर आकडा खोटा वाढतो, मोजताना बोललं तरी वाढतो. एक मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजायचं, सकाळी आणि संध्याकाळी, सात दिवस. पहिला दिवस सोडून बाकीच्यांची सरासरी लिहून न्या. तो एक आकडा दवाखान्यात घाईत घेतलेल्या आकड्यापेक्षा कितीतरी उपयोगी पडतो.

प्रश्न: सासूबाईंना इंग्रजी येत नाही. दुभाषाचं काम मीच करते. काही गोष्टी त्या माझ्यासमोर बोलत नाहीत असं वाटतं.

वाटतंय ते बरोबर असणार. सरकारी निधी घेणाऱ्या दवाखान्यांनी, म्हणजे मेडिकेअर-मेडिकेड या सरकारी विमा योजना स्वीकारणाऱ्या जवळपास सगळ्यांनी, प्रशिक्षित दुभाषा विनामूल्य द्यायला हवा. 1964 चा नागरी हक्क कायदा आणि 2010 च्या आरोग्य कायद्याचं कलम 1557 यांत ते आहे. ‘तुमचा माणूस आणा’ अशी सक्ती दवाखान्याला करता येत नाही, आणि तातडीचा प्रसंग सोडला तर लहान मुलांकडून दुभाषाचं काम करून घेता येत नाही. वेळ घेतानाच सांगा, कारण मराठी दुभाषा बहुधा फोनवर किंवा व्हिडिओवर येतो आणि त्याला आधी कळवावं लागतं. नोंदीत भाषा ‘मराठी’ आहे ना ते तपासा. ‘हिंदी’ किंवा नुसतं ‘इंडियन’ लिहिलेलं असलं की ऐन वेळी हिंदी दुभाषा जोडला जातो आणि सासूबाई संकोचाने ‘चालेल’ म्हणतात.

घरचं माणूस गोष्टी सौम्य करतं, आखडतं, आणि स्वतःचा अंदाज त्यात मिसळतं, तेही प्रेमापोटी. शिवाय आपले काही शब्द फार फसवे आहेत. ‘चक्कर येते’ याची तीन वेगळी दुखणी आहेत. खोली गरगर फिरत असेल तर शोध कानाच्या आतल्या भागापासून सुरू होतो. उठल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येत असेल तर बी.पी., औषधं आणि हृदय पाहायला हवं. चालताना तोल जात असेल तर नसा आणि मेंदू. तिन्हींसाठी इंग्रजीतला ‘डिझी’ हा एकच शब्द सांगितला की डॉक्टर पहिल्याच पावलाला चुकीच्या रस्त्याला लागतात. ‘पित्त’ तर त्याहून अवघड. ‘पित्त झालं’ म्हणजे आंबट ढेकर, उलटी, कधी अर्धशिशी, आणि ‘अंगावर पित्त उठलं’ म्हणजे खाजणाऱ्या गांधी. दोन्हींचं भाषांतर ‘अ‍ॅसिडिटी’ केलं तर अ‍ॅलर्जीला पोटाची गोळी मिळते. ‘अंगावरून जातंय’ यात रक्त की पांढरं, हे सून विचारत नाही आणि सासू सांगत नाही. पाळी थांबून वर्ष उलटल्यावर रक्त गेलं, थेंबभर का असेना, तर त्याची तपासणी झालीच पाहिजे. ते या संकोचात अडकता कामा नये.

तुम्ही खोलीत जरूर बसा, पण भेटीतली पाच मिनिटं बाहेर जा. डॉक्टरांनी ते सुचवलं तर राग मानू नका. दुभाषा असताना लहान वाक्यं बोलायला सांगा, आणि सासूबाईंना डॉक्टरांकडे पाहून बोलू द्या, फोनकडे नाही.

प्रश्न: वार्षिक तपासणी फुकट असते म्हणून गेलो. गुडघ्याबद्दल विचारलं आणि वेगळं बिल आलं. ही फसवणूक आहे का?

नाही. प्रतिबंधक भेट आणि आजाराची भेट यांची विम्यात वेगळी नोंद होते. पहिलीत लसी, कर्करोगाच्या चाचण्या, सवयींबद्दलचं बोलणं येतं, आणि विम्याच्या यादीतला दवाखाना असेल तर बहुतेक योजनांत ती पूर्ण भरली जाते. गुडघा तपासून औषध दिलं की त्याच दिवशी दुसरी भेट जोडली जाते. आधी सांगणं हे दवाखान्याचं काम आहे, ते झालं नसेल तर तक्रार रास्त आहे. पुढच्या वेळी विचारा: ‘हे विचारलं तर वेगळं बिल लागेल का?’ मग आजच दाखवायचं की वेगळी वेळ घ्यायची ते ठरवा. मेडिकेअरच्या वार्षिक ‘वेलनेस’ भेटीत तर डोक्यापासून पायापर्यंतची शारीरिक तपासणी येतच नाही, हे आईवडिलांना आधीच सांगून ठेवा.

प्रश्न: माझा बी.एम.आय. 24. डॉक्टर म्हणाले, वजन योग्य आहे. वडिलांना मधुमेह होता. साखर तपासायला सांगू का?

सांगा. 25 ची रेषा सगळ्यांसाठी सारखी नाही. आशियाई वंशाच्या माणसांत मधुमेह कमी वजनालाच दिसू लागतो, म्हणून अमेरिकन डायबेटिस असोसिएशन त्यांच्यासाठी 23 पासून तपासणी सुचवते. डॉक्टरांना हा आकडा आणि वडिलांचा आजार, दोन्ही सांगा. एच.बी.ए.वन.सी. (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची चाचणी) 5.7 ते 6.4 म्हणजे मधुमेहाची पूर्वपायरी आणि 6.5 पासून मधुमेह. लक्षणं नसतील तर दुसऱ्या चाचणीने पक्कं करतात.

प्रश्न: आठ दिवस खोकला होता. अँटिबायोटिक मागितलं, दिलं नाही. नवऱ्याच्या पाठदुखीला एम.आर.आय.ही नाकारला. रुग्ण केंद्रस्थानी असेल तर रुग्णाचं ऐकायला नको का?

ऐकायला हवंच. पण ऐकणं आणि मागितलेलं लिहून देणं यांत अंतर आहे. अँटिबायोटिक मागणाऱ्याच्या मनात बहुधा न्यूमोनियाची भीती असते, नाहीतर सोमवारी कामावर जायची घाई. ती विचारून, छाती तपासून, भीतीचं उत्तर देणं हे डॉक्टरांचं काम. नुसतं ‘व्हायरल आहे, जाईल’ म्हणून बोळवण केली असेल, तर औषध न देण्याचा निर्णय बरोबर असूनही भेट अपुरी झाली.

सर्दीनंतरचा खोकला सरासरी 18 दिवस टिकतो, आणि लोकांची अपेक्षा असते आठवड्याची. म्हणून आठव्या दिवशी धीर सुटतो, अँटिबायोटिक सुरू होतं, चौदाव्या दिवशी खोकला आपोआप उतरतो आणि श्रेय गोळीला जातं. पदरी जुलाब, पुरळ आणि पुढच्या खऱ्या संसर्गाला दाद न देणारे जंतू येतात. खोकला कोरडा असून आठवडे चाललेला असेल आणि तुम्ही लिसिनोप्रिलसारखी बी.पी.ची गोळी घेत असाल, तर कारण ती गोळीच असू शकते. ती मनाने बंद करू नका, बदलून मागा.

पाठदुखीचंही असंच. धोक्याची लक्षणं नसतील तर पहिले सहा आठवडे एम.आर.आय. काढून उपचारात फरक पडत नाही. वय वाढलं की मणक्यांच्या चकत्या झिजलेल्या दिसतातच, दुखत नसलेल्यांच्याही दिसतात. मग त्या चित्राला घाबरून माणूस हालचाल बंद करतो आणि दुखणं लांबतं.

मात्र नाही म्हणताना डॉक्टरांनी पुढचं वेळापत्रक हातात द्यायलाच हवं. किती दिवसांत किती फरक पडावा, काय दिसलं तर परत यायचं, काय दिसलं तर आणीबाणीच्या विभागात जायचं आणि रात्री कोणत्या नंबरवर फोन करायचा. ते मिळालं नसेल तर आजच दवाखान्याच्या पोर्टलवर संदेश टाकून मागा. त्याच पोर्टलवर भेटीची नोंद वाचा. एप्रिल 2021 पासून ती वाचायला मिळणं हा तुमचा हक्क आहे, आणि अ‍ॅलर्जी, औषधाची मात्रा किंवा दुखणारी बाजू चुकीची लिहिली गेली असेल तर दुरुस्ती मागता येते. तोवर हे लक्षात असू द्या. खोकल्यातून रक्त, धाप, छातीत दुखणं, उतरून पुन्हा चढलेला ताप असेल तर त्याच दिवशी दाखवा. खोकला तीन आठवड्यांवर गेला तरी जा. पाठदुखीसोबत ताप, कारण नसताना उतरलेलं वजन, पूर्वी झालेला कर्करोग किंवा पडल्याची घटना असेल तर सहा आठवडे थांबू नका. आणि लघवी अडली किंवा लघवी-शौचावरचा ताबा गेला, बसायची जागा बधिर झाली, पायातली ताकद कमी होत चालली, तर भेटीची वेळ घेत बसू नका, थेट आणीबाणीच्या विभागात जा. तिथे मात्र एम.आर.आय. त्याच दिवशी व्हायला हवा.